सातवा भाग टेपवर नसतो

सुकुमार चौगुल्याला आयुष्यात दोनच गोष्टींनी घाम फोडला. एक वेल्डिंगची ठिणगी आणि दुसरा अपूर्णांकातला रेघेखालचा आकडा. ठिणगीनं त्याचा डावा डोळा अधू केला आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला वीस वर्षांचा ग्रिल-गेटचा धंदा सोडायला लावला. रेघेखालचा आकडा मात्र दहावीपासून मानगुटीवर बसला होता, तो उतरायचं नाव घेत नव्हता. नाव सुकुमार आणि हात बघावेत तर ऐरणीसारखे! पण वहीत तीन छेद सात असं काही दिसलं की या हातांना कापरं सुटायचं.

वसाहतीमागच्या शाळेत त्याला मशीनच्या खोलीत मदतनीस म्हणून घेतलं होतं. चाळीस मशीन पुसायची, चार्ज करायची, शनिवारी त्यांच्यात नवीन धडे भरायचे. काम चांगलं होतं, पण तात्पुरतं. हेडबाई मुलाणी मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "सुकुमार, मार्चात दहावीचं गणित काढून दाखव, कायम करते. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत." दहावीला त्याचा तेवढाच एक विषय राहिला होता. बावीस वर्षं राहिला होता.

आता गंमत अशी, की हे घरात बायकोला ठाऊक होतं, पण लेकीला नव्हतं. सन्मती त्याच शाळेत सातवीत होती. ती पहिलीत असताना तिनं विचारलं होतं, "पप्पा, तू दहावी पास आहेस?" आणि हा गडी सहज "व्हय की" म्हणून गेला होता. एकदा म्हटलं की म्हटलं. मग गणित शिकायची वेळ आली तेव्हा सरळ "मला शिकव" म्हणायची सोय राहिली नाही. त्यानं वाट काढली. संध्याकाळी तो तिच्याशेजारी बसायचा आणि परीक्षा घेतल्यासारखा तोरा आणून म्हणायचा, "बघू, तुला किती कळलंय. मला काहीच येत नाही असं समज, आणि सांग."

सन्मती सांगायची. पायावर पाय टाकून, पेन्सिल हलवत, अगदी बाईंच्या थाटात. सुकुमार मान हलवत ऐकायचा आणि ती झोपली की तेच पुन्हा वहीत गिरवायचा. बायको पद्मजा बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून दमून यायची, तिला हसू आवरायचं नाही. "एवढं नाटक करण्यापेक्षा खरं सांगून टाक की लेकीला," ती म्हणायची. सुकुमार म्हणायचा, "सांगतो, पास झालो की सांगतो."

हे झालं घरातलं. शाळेत त्याच वेळी एक भलतंच नाटक चाललं होतं.

दोन हजार अडतीस सालच्या जूनमध्ये पुण्याहून डॉ. केतकी रिसबूड नावाच्या बाई आल्या होत्या. मशीननं मुलांना शिकवायचं हे तोवर जुनं झालं होतं. भांडण होतं ते कसं शिकवायचं यावर. एक गट म्हणायचा, पोर चुकलं की लगेच बरोबर काय ते दाखवा, वेळ वाया घालवू नका. दुसरा म्हणायचा, अडू दे, धडपडू दे, स्वतः शोधलेलं विसरत नाही. रिसबूड बाईंनी तिसरी रीत आणली होती. मशीननं शिकवायचंच नाही. मशीननं ढ पोर व्हायचं आणि मुलानं त्याला शिकवायचं.

त्यामागचं शास्त्र त्यांनी हेडबाईंना समजावलं, तेव्हा सुकुमार वायरी गुंडाळत तिथंच उभा होता. ऐकताना आपल्याला कळतंय असं माणसाला वाटतं, बाई म्हणाल्या, पण दुसऱ्याला सांगायला तोंड उघडलं की आपल्या समजुतीला कुठं भोक आहे ते आपलं आपल्याला दिसतं. म्हणून शिकवणारा दुप्पट शिकतो. फक्त समोरचा विद्यार्थी खराखुरा अडाणी वाटला पाहिजे. त्यासाठी मशीनच्या पोटात चुकांची यादी होती. राज्यभरातल्या मुलांनी केलेल्या दोन लाखांहून जास्त चुका, आणि दर दिवशी वर्गात होणारी प्रत्येक नवी चूक तिच्यात जाऊन पडायची. मशीन मुलाचा आवाज ऐकायचं, ते कुठं अडखळलं ते टिपायचं आणि नेमकी तिथलीच एखादी चूक उचलून वेड पांघरून बसायचं.

सातवीच्या वर्गातल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. 'अ'ला लगेच सांगणारं मशीन, 'ब'ला थांबणारं, 'क'ला ढ. ज्याच्या त्याच्या कानाला हेडफोन. कुठल्या मुलाला काय मिळालंय ते शिक्षकांनाही सांगितलं नव्हतं, कारण शिक्षकाला कळलं की त्याच्या नजरेत फरक पडतो, आणि नजरेतला फरक मुलांना लगेच कळतो. कळायचं ते फक्त धडे भरणाऱ्याला, म्हणजे सुकुमारला. त्याच्याकडून गुप्ततेच्या कागदावर सही घेतली होती. 'क'च्या मुलांना बाईंनी स्वतः सांगितलं, "हा नवा विद्यार्थी आहे. पाटी कोरी आहे त्याची. तुम्ही शिकवाल तेवढंच त्याला येईल."

सन्मती 'क'मध्ये होती. तिनं आपल्या विद्यार्थ्याचं नाव ढब्बू ठेवलं.

नोव्हेंबरपर्यंत 'क' गट बाकीच्यांच्या पुष्कळ पुढं निघून गेला. सन्मती तर कुठल्या कुठं. जेवताना ढब्बू, वेणी घालताना ढब्बू. "आज ढब्बूला छेद समान करायला जमलं, पप्पा! तीन दिवस लागले, पण जमलं!" असं म्हणताना तिचे डोळे भरून आले होते. सुकुमारला ते बघून आनंदही व्हायचा आणि आत कुठंतरी टोचायचंही. ढब्बूला सगळं येतंय हे त्याला ठाऊक होतं. आपल्याला तीन दिवसांत जमलेलं नाही हेही ठाऊक होतं.

मग एका मंगळवारी ती घरी आली ती दप्तर फेकूनच.

"पप्पा, ढब्बू रेहानचं चोरतोय."

रेहान तिच्या बाकावर बसायचा, त्यांची बेकरी होती. मागच्या आठवड्यात त्यानं एक अफलातून चूक केली होती. तीन छेद चार आणि पाच छेद सहा सारखेच, असं त्याचं म्हणणं. का? तर चार पावांच्या लादीतला एक खाल्ला, सहा पावांच्या लादीतला एक खाल्ला, दोन्हीकडं एकच पाव कमी! अख्खा वर्ग हसला होता. आणि आज ढब्बूनं तेच केलं. तीच लादी, तेच पाव, तेच शब्द.

"त्यानं पाव कधी खाल्लाय का?" सन्मती म्हणाली. "त्याला लादी कुठून ठाऊक? रेहान तर चिडलाय. म्हणतोय, माझी चूक कशी काय घेतली? पप्पा, मशीन तू उघडतोस. खरं सांग. ढब्बूला येतंय की नाही?"

सुकुमार आधी पाणी प्यायला. मग त्यानं पंख्याकडं बघितलं. सही केलेला कागद त्याच्या डोळ्यांसमोर आला. "मला काय ठाऊक" म्हणाला असता तर चाललं असतं, पण लेक असं रोखून बघत होती की खोटं बोलवेना. तिला एक खोटं आधीच सांगून ठेवलं होतं, दुसरं जड गेलं.

"येतंय त्याला," तो म्हणाला. "सगळं येतंय. तुला चांगलं यावं म्हणून तसं करतो तो."

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण तिचा चेहरा बघून याला वाटलं, काहीतरी गोड बोलावं. आणि त्यानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"अगं, त्यात वाईट काय? मी नाही का करत तसं? मला येत असून तुला विचारतो की नाही रोज?"

सन्मती उठली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मशीनच्या खोलीत तमाशा झाला. 'क'ची पोरं शिकवेनात. सन्मतीनं एकाला सांगितलं, त्यानं तिघांना. कुणी मशीनला सांगत होतं की दोन आणि दोन बैलगाडी. कुणी नुसतंच "खोटारडा, खोटारडा" करत होतं. मशीन बिचारी नेटानं वेड पांघरून "मला समजलं नाही, पुन्हा सांगशील?" म्हणत राहिली, आणि ती म्हणाली की पोरं जास्तच खवळत. सन्मती तेवढी हाताची घडी घालून गप्प बसली होती. तीन दिवसांत 'क'चा आकडा असा घसरला की पुण्याहून फोन सुरू झाले.

घरी त्याहून वाईट. संध्याकाळी सुकुमार वही घेऊन बसला, सन्मती आलीच नाही.

"सनू, आज बघू या की, छेद वेगळे असले तर..."

"तुला येतंय, पप्पा. कशाला नाटक करालायस?"

"नाही गं, आज खरंच..."

"ढब्बू पण असंच म्हणतो," ती म्हणाली आणि पुस्तकात तोंड घातलं.

सुकुमारचा नुसता जळफळाट झाला. स्वतःवरच. मार्च चार महिन्यांवर आला होता आणि त्याची एकुलती एक मास्तरीण रुसून बसली होती. पण खरं सांगायचं तर मार्चचं त्याला तितकं वाटत नव्हतं. लेक आता कुणाचाच शब्द खरा धरत नव्हती. आई म्हणाली पाय दुखतायत, तर ही तिच्या पायांकडं निरखून बघायची, खरंच दुखतायत का म्हणून. बाईंनी वर्गात प्रश्न विचारला तर म्हणायची, तुम्हाला येतंय की, मग मला का विचारता? हे आपण केलं, असं त्याला वाटायचं. रात्री कूस बदलून बदलून गादीची वाट लागली.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्यानं दार लोटून घेतलं आणि म्हटलं, मरू दे, आता मशीनच शिकवू दे आपल्याला.

आधी 'अ'च्या मशीनसमोर बसला. मशीन भलतंच गोड आणि घाईचं. त्यानं आकडा लिहायचा अवकाश, की "असं नाही, असं" म्हणून सगळं गणित सोडवून मोकळं. सुकुमारनं दहा गणितं बघितली, दहाही पटली. अकरावं स्वतः करायला घेतलं तर डोक्यात शुकशुकाट. मग 'ब'कडं गेला. ते नुसतं थांबायचं. "विचार करा," म्हणायचं आणि गप्प. दहावीच्या वर्गात सरसुद्धा असेच फळ्याजवळ हात बांधून थांबायचे आणि पोरं खुदखुदायची. तिसऱ्या चुकीला त्यानं मशीन बंद केलं. शर्ट पाठीला चिकटला होता.

राहता राहिला ढब्बू. लेकीच्या जागेवर तो जरा अवघडूनच बसला.

"सर, मला शिकवाल?" ढब्बू म्हणाला.

"मला येत नाही रे बाबा."

"मलाही येत नाही, सर. एक छेद दोन आणि एक छेद सात मिळवायचे आहेत."

"गप बस! तुला येतंय. कशाला नाटक करतोस?"

बोलून गेला आणि तोंडावर हात ठेवून बसला. लेकीचे शब्द त्याच्याच तोंडातून बाहेर आले होते. मग त्यानं हेडफोन काढून जागेवर ठेवले. पद्मजा म्हणत होती ते खरं होतं. सांगायला हवं होतं, आणि कधीच सांगायला हवं होतं.

पण त्याच्या आधी सोमवार उजाडला आणि रिसबूड बाई स्वतः आल्या.

बाई चिडलेल्या नव्हत्या, हे जास्त अवघड होतं. शांतपणे त्या सगळ्या वर्गापुढं उभ्या राहिल्या. शेजारी मुलाणी मॅडम. सुकुमार दाराशी.

"कुणीतरी तुम्हाला काहीतरी सांगितलंय," बाई म्हणाल्या. "मला कुणाला शिक्षा करायची नाही. पण सहा महिन्यांचं काम आहे, आणि ते कुठून फुटलं ते मला समजायला हवं. सर्वांत आधी शिकवणं थांबवलं ते सन्मती चौगुलेनं. सन्मती, तुला कोणी सांगितलं?"

सन्मती उभी राहिली. "कुणी नाही. मला कळलं. त्यानं रेहानची लादी चोरली त्यावरून."

"फक्त त्यावरून?"

"हो." मग तिनं मान वर केली. "पण तुम्हीच सांगितलं होतं ना, त्याची पाटी कोरी आहे म्हणून?"

दाराशी उभ्या असलेल्या सुकुमारच्या लक्षात आलं. लेक त्याला वाचवत होती. त्याचा शब्द खरा धरत नव्हती, तरी त्याला वाचवत होती.

"मी सांगितलं," तो म्हणाला. पुढं आला. "मॅडम, कागद मी मोडला. पोरीनं विचारलं, मी सांगून टाकलं. आणि ती अजून एक खोटं धरून बसलीय, ते पण माझंच आहे." त्यानं लेकीकडं बघितलं. "सनू, मी दहावी नापास आहे. गणितात. तुला येतं का बघतो म्हणायचो ना, ते खोटं होतं. मलाच येत नव्हतं. तुझ्याकडनं शिकत होतो."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मुलाणी मॅडमनी डोळे वटारले.

सन्मती म्हणाली, "हे पण नाटक असेल."

"नाही गं."

"कशावरून?"

आता हे कशावरून सांगायचं? येतंय हे दाखवता येतं. येत नाही हे कसं दाखवणार? सन्मती मात्र तरातरा फळ्याकडं गेली, खडू उचलला आणि लिहिलं: एक छेद दोन अधिक एक छेद सात. खडू बापाच्या हातात दिला.

"कर."

सुकुमारनं खडू धरला. ढोंग करायचं नव्हतं, लपवायचं नव्हतं, मग उरलं काय? उरली ती वीस वर्षांची सवय. त्यानं खिशातून टेप काढला. धंदा सुटला तरी टेप खिशातून गेला नव्हता. सर्रकन एक वीत ओढला आणि अंगठ्यानं दाबून धरला.

"इंचाला आठ सूत," तो पुटपुटला. "अर्धा म्हणजे चार सूत. हे बरोबर. आता सातवा भाग..." तो टेपवर चांगला डोळा लावून शोधू लागला. उलटा करून बघितला. "सातवा भाग नसतोय, सनू. टेपवर सातवा भाग नसतोच. आठवा असतोय, चौथा असतोय. सातवा कुणी मागत नाही." मग जरा विचार करून तो म्हणाला, "एक सूत धरायचं, आणि जरा ढिलं मारायचं, केसभर जास्त. म्हणजे झालं पाच सूत, ढिलं." आणि त्यानं फळ्यावर खरोखरच लिहिलं: पाच सूत, ढिलं.

वर्गात हशा पिकला. पोरं बाकांवर हात आपटून हसायला लागली. रेहानला तर ठसका लागला. सुकुमारचे कान लाल झाले, पण तो टेप धरून उभा राहिला, कारण त्याला खरंच वाटत होतं की याहून बरोबर उत्तर असूच शकत नाही.

सन्मती हसत नव्हती. ती त्या टेपकडं बघत होती, बापाच्या अंगठ्याकडं बघत होती. इतके महिने तिनं एका विद्यार्थ्याच्या चुका दुरुस्त केल्या होत्या. व्यवस्थित, पुस्तकातल्यासारख्या चुका. ही त्यांतली नव्हती.

"असली चूक ढब्बूला सुचलीच नसती," ती हळूच म्हणाली. आणि एकदम तिचा बांध फुटला. "पप्पा, तुला खरंच येत नाही!"

"तेच सांगतोय की मघापासनं!"

ती रडत होती की हसत होती ते तिलाही कळत नसावं. बाहीला नाक पुसून तिनं त्याच्या हातातला टेप घेतला, बाजूला ठेवला आणि फळ्यावर एक लांब रेघ मारली.

"हा आपला टेप. आठाचाच टेप कशाला पाहिजे? आपण चौदाचा करू. एका इंचात चौदा सूत. आता अर्धा किती?"

"सात," सुकुमार म्हणाला.

"सातवा भाग किती?"

तो रेघेवरच्या खुणा बोटानं मोजत गेला. दोनदोनचे सात ढीग. "दोन," तो म्हणाला. मग थबकला. "आयला! म्हणजे सात आणि दोन... नऊ! चौदातले नऊ! एवढंच असतंय व्हय ते छेद समान करणं? टेप बदलायचा?" बावीस वर्षं मानगुटीवर बसलेलं ओझं असं खाली उतरताना त्याचा आवाज चिरकला, आणि पोरं पुन्हा हसली. पण आता हसणं वेगळं होतं. टेप बदलायचा, हे 'अ' आणि 'ब'मधल्या कित्येकांनाही आत्ताच कळलं होतं.

रिसबूड बाई केव्हाच फळ्याजवळ आल्या होत्या. त्यांच्या हातात पाटीएवढं यंत्र होतं आणि त्या झरझर काहीतरी शोधत होत्या. "नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "दोन लाख चुकांत ही नाही. सूत नाही, ढिलं नाही, काहीच नाही." त्यांचा चेहरा उजळला. शास्त्रज्ञच ती, सहा महिन्यांचं काम बुडाल्याचं दुःख क्षणभर विसरली. "चौगुले, मी ही यादीत घालते. फार मोलाची आहे."

"नाही," सन्मती म्हणाली.

"अगं, पण..."

"नाही, मॅडम. तुम्ही घातली की उद्या ढब्बू म्हणेल, सातवा भाग टेपवर नसतोच. मग मला कसं कळणार?" ती फळ्यापुढं आडवी उभी राहिली. "ती पप्पांची चूक आहे. ती घ्यायची नाही."

"माझी लादी पण परत द्या!" मागून रेहान ओरडला.

बाईंनी यादीत लिहिलेलं पुसलं आणि यंत्र पर्समध्ये टाकलं. सुकुमारला मशीनच्या खोलीत ठेवता येणार नाही, हे त्यांनी मुलाणी मॅडमना जाता जाता सांगितलं, आणि मॅडमनी मार्चपर्यंत त्याला घंटा आणि फाटक सांभाळायचं काम दिलं. चुकीची भरपाई होती ती, त्यानं मान खाली घालून घेतली.

पण ते नंतरचं. त्या वेळी तो अजून फळ्यापाशीच होता आणि त्याला एक शंका छळायला लागली होती.

"सनू, आणि तिसरा भाग आला मधेच, तर? चौदाच्या टेपवर तिसरा बसत नाही."

सन्मतीनं रेघेवर चौदाचे तीन भाग करून बघितले, बसेनात. तिनं बापाच्या तोंडाकडं बघितलं. तो खरंच विचारत होता.

"थांब," ती म्हणाली, आणि डस्टर उचलून सगळी रेघ पुसली. "मोठा टेप लागेल. धर तिकडचं टोक."